इंजिन फिरायचं ती जागा

संपादकांचा निरोप आला: यंदाच्या अंकाचा विषय 'ओसाड', तुम्ही रेल्वेवर लिहा. डोंबिवलीकराला रेल्वे आणि ओसाड हे दोन शब्द एका दमात ऐकवणं म्हणजे थट्टाच. इथं सकाळी फलाटावर मोकळी जागा दिसली तर माणूस आधी घड्याळ बघतो आणि मग शेजाऱ्याला विचारतो, आज सुट्टी आहे का? तरीही मी हो म्हटलं, कारण टाकून दिलेल्या रेल्वेलायनींचं वेड मला जुनं आहे.

या वेडाचे खरे वारकरी अमेरिकेत. नेवाडाच्या वाळवंटात ऱ्हायोलाइट नावाचं गाव आहे. 1904 मध्ये जवळच्या टेकड्यांत सोनं सापडलं, बघता बघता हजारो माणसं जमली, तीन रेल्वे कंपन्या तिथवर आल्या, आणि 1920 पर्यंत सगळं आटोपलंसुद्धा. माणसं गेली, रूळ उखडले, स्टेशनची इमारत मात्र अजून उभी आहे. पाऊस नाही, झाड नाही, जागेवर कुणाचा डोळा नाही, त्यामुळे जे टाकलं ते तसंच पडून राहतं. अशा लायनींवरून चालत जाणं हा तिकडे छंद आहे.

महाराष्ट्रात असं काही विचारलं की सगळे विदर्भाकडे बोट दाखवतात. शकुंतला: यवतमाळ, मूर्तिजापूर, अचलपूर जोडणारी नॅरोगेज लाइन. वऱ्हाडचा कापूस मुंबईला आणि तिथून इंग्लंडला पोचावा म्हणून किलिक निक्सन कंपनीने ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घातली. गाडी सरकारी रेल्वेची आणि रूळ मात्र स्वातंत्र्यानंतरही खासगी कंपनीचे, असा तिचा अजब संसार. मँचेस्टरला 1921 मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन तिथं 1994 पर्यंत धावत होतं. आता गाडी बंद आहे. पण कारंजा, दारव्हा, दर्यापूर, अंजनगाव ही गावं काही ओसाड नाहीत. गाडी गेली तरी कापसाचा बाजार, शाळा, एसटी स्टँड जागच्या जागी आहेत. ही गावं रेल्वेच्या आधी होती आणि नंतरही आहेत.

मला हवी होती ती रेल्वेनेच जन्माला घातलेली आणि रेल्वेनेच संपवलेली जागा. ती शोधायला लांब जावं लागलं नाही. कल्याणला लाइन दुभंगते. एक फाटा कसाऱ्याकडे, दुसरा कर्जतकडे. दोन्ही पुढे सह्याद्रीला भिडतात, आणि दोन्ही घाटांत अशी एकेक जागा आहे, जिथं एके काळी प्रत्येक गाडीला थांबावंच लागे. आज तिथं एकही गाडी थांबत नाही, कारण तिथवर रूळच जात नाहीत.

चोळ्याचं पॉवर हाऊस

घाटात जाण्याआधी घराजवळचंच बघून घेतलं. ठाकुर्ली आणि कल्याणच्या मधे, रुळांना लागून, चोळे गावच्या हद्दीत रेल्वेचं स्वतःचं वीजघर होतं. जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने ते 1929 च्या सुमारास उभारलं. डोंबिवलीतली जुनी माणसं त्याला नुसतं 'पॉवर हाऊस' म्हणतात. रुळावरून कोळसा थेट भट्टीपर्यंत येणार आणि उल्हास नदी हाताशी, अशी ही जागा. 1980 च्या दशकात ते बंद पडलं.

या वीजघराशी घाटाचा काय संबंध? आहे, आणि फार जवळचा आहे. मुंबईत विजेची पहिली गाडी 3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटी ते कुर्ला धावली. पण जीआयपीचं खरं दुखणं लोकल नव्हती, घाट होते. वाफेचं इंजिन चढावर धापा टाकत असे, आणि त्यामुळे गाडी किती लांब आणि किती जड असावी हे मुंबईची गरज न ठरवता खंडाळा ठरवत होता. 1929 मध्ये कल्याण ते पुणे आणि 1930 मध्ये कल्याण ते इगतपुरी विजेच्या तारा पोचल्या. त्या कारभारासाठी जीआयपीला स्वतःच्या हुकमी विजेची तजवीज करावी लागली, ती या चोळ्यात. घाटातल्या जुन्या वाटा ज्या बदलांमुळे सुटल्या, त्यातल्या एका बदलाचं मूळ असं आमच्या शेजारच्याच स्टेशनात आहे.

वीजघराबरोबर वसाहत आली. ठाकुर्लीचा बारा बंगला हा रेल्वेच्या साहेबांचा भाग, आजही तिथली झाडी बघून आपण डोंबिवलीजवळ आहोत हे पटत नाही. डोंबिवली पश्चिमेची बावन चाळ ही कामगारांची. चाळी पडक्या झाल्या, बिऱ्हाडं हलली, नाव तेवढं पत्त्यात टिकलं. बारा बंगल्यात सकाळी फिरायला येणाऱ्यांची रांग असते. त्यातल्या काहींना मी विचारलं, पॉवर हाऊस कुठे होतं? निम्म्यांनी हात दाखवले ते वेगवेगळ्या दिशांना.

वाळवंटात मोडकं स्टेशन शंभर वर्षं मैलभरावरून दिसतं. आपल्याकडे चाळीस वर्षांत एक आख्खं वीजघर फिरायला येणाऱ्यांच्या पायांखाली हरवतं.

खोपोली: एके काळची मेन लाइन

पुढच्या रविवारी कर्जत लोकल धरली. कर्जतला उतरून खोपोलीची गाडी घ्यायची. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी आणि मग खोपोली. एकेरी रूळ, थोड्या फेऱ्या, डब्यात भाजीच्या पाट्या आणि कॉलेजची मुलं. शेपटासारखी लाइन वाटते. पण 12 मे 1856 ला ती सुरू झाली तेव्हा मुंबईहून दक्षिणेकडे जाणारा मुख्य मार्ग हाच होता, आणि खोपोली, साहेबाच्या कागदावर 'कॅम्पूली', हे त्याचं शेवटचं ठाणं. पलीकडे, घाटमाथ्यावर, खंडाळा ते पुणे लाइन 1858 मध्ये तयार झाली. मधे उभा बोरघाट.

म्हणजे पुण्याला निघालेला माणूस खोपोलीला गाडीतून उतरे, पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून घाट चढे आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसे. 1863 पर्यंत, पाच वर्षं हे असं चाललं. एवढ्या काळात खोपोलीत भोई, तट्टूवाले, गाडीवाले, हमाल, खानावळी यांची केवढी वर्दळ असेल याचा अंदाजच करायचा. मग घाटातली लाइन पळसदरीहून वर गेली आणि खोपोली एका फटक्यात बाजूला पडली. ते गाव पुढे कारखान्यांनी तारलं, नाहीतर आज मला ऱ्हायोलाइटसाठी नेवाडाचं नाव काढावं लागलं नसतं.

खोपोलीहून जुन्या पुणे रस्त्याने घाट चढताना शिंग्रोबाचं देऊळ लागतं. गोष्ट सगळ्यांना माहीत असते: साहेबाला वर जायची वाट सापडेना, शिंग्रोबा धनगराने ती आपल्या गुरांच्या मागून दाखवली, बक्षीस काय हवं म्हटल्यावर देशाचं स्वातंत्र्य मागितलं आणि गोळी खाल्ली. गोष्टीत इतिहास किती हा भाग वेगळा. पण घाटाचं सगळं श्रेय इंग्लंडहून आलेल्या इंजिनिअरांच्या नावे लागलेलं असताना लोकांनी एका धनगराचं देऊळ बांधलं आणि येताजाता गाडीतून तिथं नाणं टाकायचा रिवाज पाडला, हे मला कागदावरच्या नोंदीइतकंच मोलाचं वाटतं.

वर जायचं म्हणजे आधी उलटं जायचं

बोरघाटात मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली यांच्यासमोर अडचण सरळ होती. पळसदरीच्या बाजूने खंडाळ्याच्या माथ्यापर्यंत 1831 फूट उंची गाठायची, आणि तेही पावणेसोळा मैलांत. सगळ्यात तीव्र चढ 37 ला 1. आकड्याने अंदाज येत नसेल तर असं समजा, आपली बारा डब्यांची लोकल या चढावर उभी केली तर पुढचा मोटरमन मागच्या गार्डपेक्षा दोन मजले उंच असेल. घाटाच्या वरच्या टप्प्यात डोंगराची सोंड अशी पुढे येते की गाडी वळवायला जागाच उरत नाही. वळण घ्यायचं तर दरीत जावं लागेल.

मग वळायचंच नाही, असा तोडगा निघाला. सोंडेवर एक सपाट जागा केली. खालून आलेली गाडी त्या सपाटीवर सरळ शिरे आणि थांबे, कारण पुढे रूळ संपलेले आणि त्यापुढे कडा. इंजिन सोडवायचं, बाजूच्या रुळाने दुसऱ्या टोकाला न्यायचं, जोडायचं. आता गाडीचं शेपूट तोंड झालं. मग ती आल्या दिशेच्या उलट, पण दुसऱ्या रुळाने, वरच्या अंगाला निघे. हेच ते रिव्हर्सिंग स्टेशन. इंग्रजी व्ही अक्षर आडवं पाडल्यासारखी ती वाट. मुंबईला इंजिनामागच्या पहिल्या डब्यात बसलेला माणूस पुण्यात शेवटच्या डब्यातून उतरायचा.

हे ठिकाण कुठल्या गावासाठी नव्हतं. तिथून कुणी तिकीट काढत नसे, कुणी उतरत नसे. सांधेवाले, शंटिंगची माणसं, दिवाबत्तीवाला, पाणी भरणारा, एखादा साहेब, त्यांची घरं. आजूबाजूला जंगल आणि खाली दरी. इंजिन फिरवणं हे या वस्तीचं एकुलतं एक काम.

आणि ते जोखमीचं होतं. वर जाणारी गाडी चढावर आपोआप मंदावते, तिची भीती नाही. खाली येणारी गाडी मात्र कड्याच्या तोंडाशी संपणाऱ्या रुळावर येऊन थांबायची, फक्त ब्रेकच्या भरवशावर. 26 जानेवारी 1869 ला एक मेल गाडी तशी थांबली नाही. रिव्हर्सिंगमधून सरळ निघाली आणि अडसर तोडून पलीकडे कोसळली. त्याआधी 1867 च्या पावसाळ्यात घाटातला एक दगडी पूल आपसूक ढासळला होता. हा घाट बांधून झाला तरी पुरता काबूत आला नव्हता.

माझ्या ओळखीत डोंबिवलीतले एक निवृत्त मेल ड्रायव्हर आहेत. त्यांनी रिव्हर्सिंग पाहिलेलं असणं शक्यच नाही, पण तिथली शिस्त त्यांच्यापर्यंत पोचली होती. मी विचारलं, "काका, घाट उतरताना सगळ्यात आधी काय शिकवायचे?"

"थांबायला," ते म्हणाले. "कॅच साइडिंगच्या आधी गाडी पूर्ण उभी करायची. सिग्नल नाही, अडथळा नाही, तरी उभी करायची. सांधा कायम साइडिंगकडेच लावलेला असतो. ती साइडिंग डोंगरावर चढते. गाडी हातातून सुटली असेल तर तिकडे जाईल आणि चढावर दमून थांबेल. तुम्ही उभे राहिलात, शिट्टी दिलीत, तर तुमची गाडी तुमच्या ताब्यात आहे हे सिद्ध झालं. मगच मेन लाइन मिळणार."

मला ही योजना फार आवडली. सरळ रस्ता हा हक्क नाही, तो दर वेळी थांबून मिळवायचा.

बेचाळीस हजार माणसांचं गाव

रिव्हर्सिंगची वस्ती लहान होती. घाटातलं खरं नाहीसं झालेलं गाव त्याआधीचं आहे.

बोरघाटाचं काम 1856 च्या सुरुवातीला फॅव्हिएल नावाच्या कंत्राटदाराने घेतलं. 25 बोगदे आणि 8 मोठे पूल. काम मुख्यतः पावसाळा सोडून आठ महिने चाले. माथ्यावरचे आणि तळकोकणातले शेतमजूर, दगडफोडे, गवंडी, बायकापोरांसकट डोंगरात येऊन राहत. सुरुंगाची भोकं पाडायला माणसं कड्यावरून दोरांनी खाली सोडत. मजुरी थकली तेव्हा 1859 च्या जानेवारीत दंगा झाला, एक गोरा मारला गेला, आणि फॅव्हिएलने कंत्राट सोडलं. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षी आजाराने गेला. मग त्याची बायको ॲलिस हिने कंत्राट स्वतःच्या नावे पुढे नेलं आणि दोन इंजिनिअरांच्या मदतीने ते पुरं करवून घेतलं.

1861 च्या जानेवारीत या घाटात 42,000 हून जास्त माणसं कामावर होती. त्या काळचं कल्याण याच्या निम्मंसुद्धा नव्हतं. एवढी माणसं म्हणजे एवढ्या चुली, एवढं धान्य, एवढं पाणी, एवढं शेण आणि एवढी पटकी. साथीने आणि तापाने माणसं पटापट मरत. घाटात मेलेल्यांचा 25,000 हा आकडा पुस्तकांतून फिरतो. तो थोडा इकडचा तिकडचा धरला तरी त्यांतल्या एकाचंही नाव घाटात दगडावर कोरलेलं मला दिसलं नाही.

हे गाव म्हणजे गवताच्या झोपड्या. पहिल्या पावसात निम्मं वाहून जाणारं, दिवाळीनंतर पुन्हा उभं राहणारं. 21 एप्रिल 1863 ला गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाटाचं उद्घाटन झालं आणि पुढच्या महिन्यात गाड्या सुरू झाल्या. त्यानंतर ते गाव पुन्हा उभं राहायचं कारण उरलं नाही. ऱ्हायोलाइटमध्ये निदान बँकेची भिंत आहे. इथं आपल्या वाट्याला बोगदेच आले. त्या माणसांनी मागे ठेवलेलं घर शोधू नका, त्यांनी पाडलेलं भोक बघा.

बघायचं कुठून

रिव्हर्सिंग स्टेशन 1929 मध्ये सुटलं. नवे बोगदे पाडून लाइन सरळ खंडाळ्याला नेली, गाडी उलटवायची गरज संपली. दुसऱ्याच वर्षी, 1 जून 1930 ला, डेक्कन क्वीन सुरू झाली. तिच्या वेगाचं कौतुक करताना कुणी या सुटलेल्या थांब्याचं नाव घेत नाही, पण घाटात इंजिन फिरवत बसायचं असतं तर ही राणी कसली आणि वेग कसला.

आज जुनी वाट पायी शोधावी असं अनेकांना वाटतं. कर्जत ते लोणावळा रुळांवरून चालत जाणारे ट्रेकर पूर्वी पुष्कळ दिसत. ते करू नका. रेल्वे कायद्याचं कलम 147 आहेच, दंड किंवा कैद होते, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे घाटात उताराने येणारी गाडी आवाज न करता येते आणि बोगद्यात बाजूला व्हायला जागा नसते.

मी खंडाळ्याच्या राजमाची पॉइंटवरून पाहिलं. खाली एक्सप्रेस वे, त्याला बिलगून जुना महामार्ग, त्यांच्या वरखाली शिवल्यासारखे रूळ. जुन्या रिव्हर्सिंगची सपाटी याच भागात, अमृतांजन पुलाच्या परिसरात. बामच्या जाहिरातीमुळे ते नाव पडलेला हा दगडी पूल एक्सप्रेस वेच्या वाहतुकीला अडचण होतो म्हणून एप्रिल 2020 मध्ये, टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना, सुरुंग लावून पाडला. एरवी तिथं दिवसभर कोंडी. रस्ता ओसाड पडला तेवढ्या चार दिवसांत आपण जुन्या पुलाचा निकाल लावला.

पॉइंटवर माझ्या शेजारी मक्याचं कणीस खात उभ्या असलेल्या कुटुंबाला मी खालची जागा दाखवून गाडी उलटायची ती गोष्ट सांगितली. वडिलांनी ऐकून घेतलं. मुलाने विचारलं, "मग आता तिकडे काय आहे?" रस्ता आहे, झाडं आहेत, म्हटलं. त्याने कणसाकडे लक्ष वळवलं. त्याचं काही चुकलं नाही.

कसाऱ्याच्या वाटेवर

थळ घाटाची कथा थोडक्यात तीच आहे. कसाऱ्यापर्यंत लाइन 1861 मध्ये, वर इगतपुरीपर्यंत 1 जानेवारी 1865 ला. साधारण 15 किलोमीटरमध्ये 972 फूट चढ, 13 बोगदे, एहेगावजवळ 180 फुटांहून उंच पूल, आणि इथंही 37 ला 1. इथंही एक रिव्हर्सिंग होतं, ते बोरघाटाच्या आधी, 1918 मध्येच सुटलं.

पण एक गंमत उरली आहे. या घाटातल्या केबिनांना रेल्वेची माणसं आजही टीजीआर म्हणतात: टीजीआर 1, टीजीआर 2, टीजीआर 3. पावसाळ्यात दरड कोसळली की ही नावं वर्तमानपत्रात येतात. टीजीआर म्हणजे थळ घाट रिव्हर्सिंग. शंभराहून अधिक वर्षांत तिथं कुठलीच गाडी उलटलेली नाही, कंट्रोलच्या फोनवर मात्र ते स्टेशन अजून चालू आहे.

खर्डी सोडली की कसारा लोकल रिकामी होत जाते. उंबरमाळीनंतर डब्यात मोजकी माणसं, एक रिकामी पाटी, आणि खिडकीबाहेर डोंगर जवळ येत राहतो. मला वाटतं, आपल्या उपनगरी रेल्वेवर ओसाड या शब्दाच्या सगळ्यात जवळ जाणारा टप्पा हाच. तोही डिसेंबरातल्या दुपारी. संध्याकाळी तीच गाडी शहापूर तालुक्यातल्या माणसांनी ओसंडून येते.

पाण्याचं काय झालं

वाफेच्या इंजिनाला कोळशापेक्षा पाणी जास्त लागतं. वाळवंटातल्या रेल्वेची निम्मी गावं पाण्यासाठीच वसली आणि डिझेल आल्यावर त्यातली कितीतरी बसली. आपल्याकडेही जीआयपीने जागोजाग पाणी अडवलं. अंबरनाथजवळ काकोळ्याला अजून जीआयपी टँक म्हणतात तो तलाव आहे. लोणावळ्याला 1860 च्या दशकात इंजिनांसाठी बांधलेलं धरण आहे.

त्या धरणाचं नाव भुशी. जुलैतल्या रविवारी तिथं पायऱ्यांवर बसायला जागा मिळाली तर मला कळवा.

ओसाड पडलेल्या रेल्वेचं आपल्याकडे असं होतं. काम संपतं, जागा संपत नाही. वाफेच्या इंजिनाचं पाणी भिजायला मिळतं, साहेबाच्या बंगल्यांमधून लोक चालायला जातात, रिव्हर्सिंगच्या डोंगरातून मोटारी पळतात. ज्याला कुणी वाली नाही ते सह्याद्रीचा पाऊस दहा वर्षांत गिळतो. अवशेष टिकायला एक तर वाळवंट हवं, नाहीतर जपणारी माणसं हवीत. ऑस्ट्रेलियात लिथगोला अशीच झिगझॅग लाइन होती, 1869 ची, म्हणजे आपल्या बोरघाटानंतरची. 1910 मध्ये दहा बोगद्यांची नवी लाइन झाली आणि जुनी सुटली. 1975 मध्ये हौशी मंडळींनी तिथं पुन्हा गाडी चालू केली. मधे बरीच वर्षं बंद राहून 2023 मध्ये ती परत सुरू झाली. लोक तिकीट काढून उलटं जायला येतात. दार्जिलिंगची छोटी गाडी तर आजही रोज झेड काढत डोंगर चढते. झिगझॅगचा थोरला अनुभव आपला, आणि त्याची साधी पाटीसुद्धा मला बोरघाटाच्या रस्त्यावर दिसली नाही.

बँकर

रिव्हर्सिंग गेलं तरी घाटाने गाड्यांना थांबवायचं सोडलं नाही. चढासाठी गाडीला मागून जादा इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणायचं. पुण्याकडे जाणाऱ्यांना कर्जतला, नाशिककडे जाणाऱ्यांना कसाऱ्याला. 1928 पासून आलेली विजेची मालगाडीची इंजिनं हे काम करायची. त्यांना आमच्याकडचे ड्रायव्हर 'खेकडा' म्हणत. उभं असताना ते कण्हायचं आणि चालताना डुलायचं. "आत बसलं की अंग खिळखिळं व्हायचं," काका म्हणाले, "पण चढावर कधी नाही म्हणाला नाही." त्यातलं 'सर लेस्ली विल्सन' हे इंजिन आता दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे.

बँकर जोडायला दोन-चार मिनिटं जातात. त्या दोन-चार मिनिटांवर कर्जतचा दिवाडकरांचा वडा महाराष्ट्रभर गेला. इगतपुरीचंही तसंच. मुंबईकडची डीसी वीज आणि पुढची एसी वीज तिथं भेटायच्या, म्हणून प्रत्येक गाडीचं इंजिन बदलावं लागे आणि फलाटावर चहावाल्यांची धांदल उडे. 2006 च्या सुमारास घाटात एसी आली आणि ती सक्ती संपली.

आता पाळी बँकरांची आहे. 2019 मध्ये सुरू झालेल्या मुंबई–निजामुद्दीन राजधानीला पुढे आणि मागे दोन्हीकडे इंजिन लावून कसाऱ्याचा थांबा वाचवला. फेब्रुवारी 2023 पासून सोलापूर आणि शिर्डीच्या वंदे भारत गाड्या बँकर न घेता दोन्ही घाट चढतात. दोन्ही घाटांना पर्याय म्हणून 100 ला 1 चढाच्या, लांब बोगद्यांच्या नव्या लायनी आखलेल्या आहेत. त्या झाल्या की मालगाडीलासुद्धा बँकर नको.

कर्जतच्या फलाटावर एका वडेवाल्याला मी हे सांगितलं. त्याला माझ्याआधी माहीत होतं.

"वंदे भारतचं दार इथं उघडतच नाही," तो म्हणाला. "बघतात आतून, काचेतून. मी काय करणार? लोकलवाले आहेत तोवर चाललंय. लोकल काही घाट चढत नाही."

हे मात्र खरं. कर्जत आणि कसारा ही दोन्ही गावं आता बँकरवर कमी आणि मुंबईच्या लोकलवर जास्त जगतात, त्यामुळे नव्या बोगद्यांनी ती ओसाड पडतील असं मला वाटत नाही. ओसाड पडेल ती 1863 आणि 1865 पासून झिजत आलेली घाटातली वाट, तिचे बोगदे, कॅच साइडिंगा, टीजीआरच्या केबिना, आणि नागनाथ, ठाकूरवाडी, मंकी हिल ही बोरघाटातली ठाणी. त्या दिवशी तिचं काय करायचं हे आत्ताच ठरवलेलं बरं. एकदा रूळ काढले की वर्षभरात तिथं रस्ता येईल किंवा रान येईल.

सुरुवात फार अवघड नाही. रेल्वेने थंडीतल्या एखाद्या रविवारी माहितगार माणूस सोबत देऊन शंभर-दोनशे लोकांना घाटात न्यावं, जुनी सपाटी दाखवावी, इंजिन कुठून सुटायचं आणि कुठे जोडायचं ते समजावून सांगावं. त्यासाठी वेगळा मेगाब्लॉक घ्यायलाही नको. रविवारी तो असतोच.